बाबांनी जप्त केलेली शिट्टी

तीर्थरूप यशवंतमामा यांचे चरणी भाची शुभदा हिचा, भिजून पुन्हा वाळलेला परंतु सर्वांगी शाबूत, नमस्कार.

सर्वप्रथम क्षमायाचना. घरातील वडील मंडळी हयात व (देवदयेने आता) कोरडी असताना माझ्यासारख्या मुलीने आपण होऊन आपणांस पत्र लिहावे, हे रीतीला सोडून आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यातून सहा वर्षांपूर्वी आपण आमचा उंबरा उतरून गेलात तेव्हापासून दोन्ही घरांत अक्षराचाही व्यवहार नाही. आपण सुभेदार होऊन निवृत्त झालात, वाईस घर बांधलेत, हे सारे आम्हांला आजोळच्या मंडळींकडून, दोन-तीन तोंडे फिरून, कळत असते. आपला गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? परसात आपण पेरूची झाडे एका रांगेत, सारख्या अंतरावर, उंचीच्या क्रमाने लावली आहेत असे ऐकले. ती हुकमाबाहेर वाढत नाहीत ना? माझ्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी हा विषय आहे, आणि परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हा माझा लहानपणापासूनचा आजार अद्याप बरा झालेला नाही. कागदावर मात्र मी फार बोलते. त्याचा अनुभव आपणांस आता येईलच.

मूळ प्रकरण आपणांस ठाऊक आहे. परंतु ते आमच्या घरी कसे सांगितले जाते, हे आपल्या कानी गेले नसावे. बाबांच्या मते, विलासच्या मुंजीत (माझा धाकटा भाऊ विलास; आपण त्याला शेवटचे पाहिलेत तेव्हा त्याच्या डोक्यावर शेंडीखेरीज काही नव्हते, आता केस कानांवरून खाली आले आहेत आणि बाबांचा त्यावरही आक्षेप आहे) आपण मामा या नात्याने पंगतीची व्यवस्था हाती घेतलीत, येथवर सर्व ठीक होते. परंतु सोवळे नेसलेल्या गुरुजींना उंचीप्रमाणे उभे करून, खिशातून पलटणीची शिट्टी काढून, ‘पहिली पंगत, सावधान!’ असा हुकूम सोडणे, हे कोणत्याही धर्मग्रंथात बसत नाही. शिट्टी वाजताच वाढप्याच्या हातचे मठ्ठ्याचे भांडे सुटले आणि ते बाबांच्या कंपनीतील साहेबांच्या मांडीवर रिकामे झाले. ‘ही तुमची पलटण नव्हे,’ असे म्हणून बाबांनी शिट्टी जप्त केली. आपण जिलबीचे पान तसेच टाकून उठलात आणि दारातून म्हणालात, ‘सदाशिवराव स्वतः बोलावतील तेव्हाच येईन.’ त्यावर बाबा म्हणाले, ‘शिट्टी मागायला यावंच लागेल.’ तेव्हापासून वाईस एक गृहस्थ बोलावण्याची वाट पाहत आहेत आणि चिंचवडास दुसरे गृहस्थ मागणीची. बाबा कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहेत. एकदा आत आलेली वस्तू ज्याची त्याने समक्ष येऊन सही केल्याविना बाहेर सोडायची नाही, हा त्यांचा तेथील नियम, आणि तोच त्यांनी घरी लावला. शिट्टी लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली जानव्याला.

आई या विषयावर एक अक्षर बोलत नाही. ती फक्त भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्या बायकांनी असे करायचे, अशी रीत आहे. आईला भाऊ आहे, चांगला पावणेसहा फुटी सुभेदार आहे; तरीही दर वर्षी ती ताटात निरांजन घेऊन अंगणात उभी राहते आणि कंपनीच्या धुराड्यामागे द्वितीयेची कोर शोधते. एका वर्षी आभाळ भरले होते. तेव्हा कोर साधारण कोठे असावी याचा अंदाज घेऊन तिने त्या दिशेला ओवाळले, आणि ‘दिसत नसला तरी असतो ना,’ एवढेच म्हणाली. हे मी केवळ हकीकत म्हणून लिहिते. या पत्रात विनंती वगैरे कोणतीही नाही, हे कृपया ध्यानात असावे.

आता पूर. यंदा गणपती नदीत पोचवून आलो, आणि त्याच आठवड्यात नदी त्यांना परत पोचवायला आमच्या दारी आली. पुनावळ्याकडून गढूळ पाण्याचा जो लोट आला, तो सकाळच्या चहाच्या वेळी अंगणात होता आणि कप विसळेपर्यंत (विसळण्यास निराळे पाणी घ्यावे लागले नाही) स्वयंपाकघरात आला. आमची चाळ बैठी. तेव्हा सर्व बिऱ्हाडे शेजारच्या घरमालकांच्या गच्चीवर चढली. अशा वेळी मनुष्य काय उचलतो यावरून त्याचा स्वभाव कळतो म्हणतात. आईने लोणच्याची बरणी घेतली. शेजारच्या रोशनबी (यांचे यजमान अन्वरभाई यांचे हमरस्त्यावर मोटारदुरुस्तीचे दुकान आहे) यांनी शिवणयंत्राचे डोके तेवढे काढून उराशी धरले होते. छबूबाई या आमच्या चाळीमागील जुन्या गावकरी; त्यांनी शेळी आणली. मी शब्दकोशाचे दोन खंड घेतले, आणि गच्चीवर गेल्यावर कळले की दोन्ही ‘खंड दुसरा’च आहेत (एक ग्रंथालयाचा होता). बाबांनी लोखंडी पेटी घेतली.

थोड्या वेळाने पावसाच्या पडद्यातून एक नाव दिसली. दिघीच्या बाजूने लष्कराची तुकडी आली होती आणि ती देवळाकडच्या वस्तीतील माणसे काढीत होती. परंतु मध्ये कडुलिंबाचे झाड असल्याने आम्ही त्यांना दिसत नव्हतो, आणि पाऊस असा की ओरडलेले तोंडातच भिजून जावे. सर्वांनी प्रयत्न केले. छबूबाई ‘अवं, आमी हितं हाय! हितं!’ असा टाहो फोडीत होत्या. रोशनबींचा आवाज मुळात खणखणीत, पण शिवणयंत्रामुळे हात वर करता येईना. मीही ओरडले. माझ्या मते मी पुष्कळ मोठ्याने ओरडले. विलासचे म्हणणे असे की मी ‘कृपया इकडे यावे’ एवढेच, तेही त्याच्या कानात, म्हणाले. नाव वळून दूर जाऊ लागली. पाणी जिन्याच्या शेवटून तिसऱ्या पायरीवर होते. त्या क्षणी आई, जी सहा वर्षांत या विषयावर बोलली नव्हती, सर्वांदेखत शांतपणे म्हणाली, “पेटीत माझ्या भावाची शिट्टी आहे.”

मामा, बाबांविषयी आपला ग्रह कसाही असो, ते तत्त्वाचे मनुष्य आहेत. त्यांनी पेटीवरचा हात उचलला नाही. म्हणाले, “दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही.”

“अवो भाईसाब,” रोशनबी म्हणाल्या, “डुबल्यावर परवानगी मागायला वाईला जानार का पोहत?”

“मी देते परवानगी,” आई म्हणाली. “त्याची सख्खी बहीण आहे मी. द्या किल्ली.”

बाबांनी पाठ फिरवून (सभ्यतेसाठी) जानव्याची किल्ली सोडली. शिट्टी निघाली. बाबांनी छाती भरून फुंकली, तर आवाज म्हणून नाही. आत एका झुरळाने, बहुधा आपण गेल्याच्या वर्षीच, देह ठेवला होता. आईने अंबाड्यातील आकडा काढून त्याचे उत्तरकार्य केले, पदराने शिट्टी पुसली आणि बाबांच्या हाती दिली. मग जो आवाज निघाला, त्याने छबूबाईंची शेळी बसली. बाबांना लष्करी खुणा ठाऊक नाहीत. त्यांनी एखाद्या हट्टी मुलाप्रमाणे, श्वास घेण्यापुरते थांबत, ती वाजवीतच ठेवली. आणि नाव वळली.

नावेवरील प्रमुख हवालदार ज्योतीराम म्हणून होते, साताऱ्याकडच्या कोरेगावचे. गच्चीला नाव लावताच त्यांनी आमच्याकडे पाहून पहिला प्रश्न केला तो असा: “आपली कोन पार्टी अडकली हितं? शिट्टी तर पलटनीची हाय!” आपलीच माणसे संकटात आहेत असे समजून ते मोहरा वळवून आले होते. त्यांनी गच्चीवर नजर फिरवली. पलटण कोठेच नव्हती. लोणच्याची बरणी होती, शेळी होती, आणि ओल्या धोतरातील बाबा होते. “शिट्टी कुनाची, काका?” त्यांनी विचारले. बाबांनी घसा साफ केला. सहा वर्षे आमच्या घरी आपला उल्लेख ‘ते’, ‘वाईकर’ आणि (रागात) ‘जनरलसाहेब’ असा होत आला आहे. बाबा म्हणाले, “माझ्या मेहुण्यांची. इंजिनिअर पलटणीत सुभेदार होते.” आईने त्या वेळी बरणीचे झाकण उगाचच घट्ट केले.

नावेत चढण्याचा प्रसंग मला संक्षेपाने सांगता आला असता तर बरे झाले असते. ‘बाया, पोरं पहिली, मानसामागं एक बोचकं’ असा हवालदारांचा हुकूम होता. परंतु आई आणि छबूबाई यांनी पूर आलेल्या नदीची ओटी भरल्याखेरीज तिच्या अंगावर पाय ठेवण्यास साफ नकार दिला. हवालदारांनी घड्याळाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि ते साताऱ्याकडचे असल्याने त्यांना स्वतःच्या आईची आठवण झाली असावी, म्हणाले, “आवरा मावशी, पन बिगीबिगी.” हळदकुंकू आईच्या कमरेला होते. खण म्हणून रोशनबींनी यंत्रात अडकलेला अर्धा शिवलेला झबल्याचा तुकडा फाडून दिला. नारळ मात्र कोणापाशीच नव्हता. तेव्हा नावेतील एका मद्रासकडील जवानाने काही न विचारता आपल्या शिध्यातील बिस्किटांचा पुडा काढून आईच्या ओंजळीत ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. पवनामाईला लष्करी बिस्किटांची ओटी याआधी कोणी भरली होती की नाही, मला माहीत नाही. पाणी मात्र त्यानंतर चढले नाही, असे आईचे म्हणणे आहे. (ते तासाभरापूर्वीच चढायचे थांबले होते, असे हवालदारांचे.)

शेळीचा प्रश्न त्याहून बिकट निघाला. “बकरी न्हाई,” हवालदार म्हणाले. “मग मी बी न्हाई,” छबूबाई म्हणाल्या आणि गच्चीवर मांडी घालून बसल्या. अखेर शेळी हेच त्यांचे एक बोचके, असा निवाडा झाला. बुडण्यापासून वाचवणारे जे जाकीट छबूबाईंना मिळाले, ते त्यांनी शेळीला बांधले. त्या मद्रासी जवानाने समोर बसण्याची खूण केली, तेव्हा त्यास मराठी येत नसणार असे मी गृहीत धरले. राष्ट्रभाषेच्या परीक्षा मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे; आजार बाजूला सारून मी म्हणाले, “महोदय, क्या मैं इस नौका के वाम भाग में आसनस्थ हो सकती हूँ?” तो म्हणाला, “ताई, बसा हो कुठंपण.” तो चार वर्षे दिघीस आहे.

शाळेत सर्वांची सोय केली होती. जवानांनी चुली पेटवल्या, विहिरीत औषध टाकले, म्हाताऱ्यांना कांबळी दिली, आणि पाणी उतरताच गुडघाभर गाळात उतरून आमची चाळ अशी उपसली की आईला चौदा वर्षांपूर्वी हरवलेली तिची विळी सापडली. परंतु मला सांगायचे आहे ते खिचडीविषयी. पहिल्या दुपारी खिचडीचे मोठे पातेले उतरले आणि सारी चाळ त्यावर तुटून पडली. बाबा दूर उभे राहिले. त्यांच्या स्टोअर्सच्या खिडकीशी कामगार अशीच झुंबड करतात, आणि ते दृश्य त्यांना पाहवत नाही. हवालदार त्यांच्यापाशी येऊन म्हणाले, “काका, शिट्टी तुमच्यापाशी हाय, तर लाइन बी तुमीच लावा की राव.” बाबांनी नको नको म्हटले. मग शिट्टी तोंडाशी नेली. एकच वाजवली. गलका थांबला, सगळे जेथल्या तेथे उभे राहिले, आणि त्या शांततेत माझ्या वडिलांच्या मुखातून, मामा, हे शब्द निघाले: “पहिली पंगत, सावधान!”

बाबांना स्वतःला ते ऐकू आले की नाही कोण जाणे. आईला आले. ती पदर तोंडात कोंबून खांबाआड गेली, आणि पुष्कळ वेळ तिचे खांदे हलत होते. मी आधी घाबरले; जवळ जाऊन पाहिले तर ती हसत होती, निदान बरीचशी हसतच होती. त्या दिवसापासून मुले, म्हाताऱ्या, पाण्याच्या बादल्या, इतकेच काय पण छबूबाईंची शेळी, सारे बाबांच्या शिट्टीवर उभे राहू लागले. लेकुरवाळ्या आधी, मग म्हातारी माणसे, मग इतर, आणि सर्वांत शेवटी बाबा स्वतः. कोणी रांग मोडली की ते म्हणत, “ही पंगत आहे, बाजार नव्हे.” हे वाक्य तरी आपले नव्हे ना?

जवान परत जाण्यापूर्वी नागरिकांच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. (सत्कार केल्याविना आपण कोणाला सोडत नाही.) अध्यक्ष म्हणून एका पुढाऱ्यांना बोलावले होते. त्यांची मोटार शाळेच्या वाटेवर चिखलात रुतली. तेव्हा ज्यांचा सत्कार व्हायचा ते सारे व्यासपीठावरून उतरले, मोटार ढकलून आणली, आणि चिखलाने माखलेल्या अंगावर शाली घेऊन पुन्हा खुर्च्यांवर बसले. अध्यक्ष पुष्कळ बोलले. जवान ताठ बसून, डोळे मिटून, मान तसूभरही न हलवता ऐकत होते. त्यांच्या एकाग्रतेने मी भारावून गेले होते. शेजारी बसलेल्या विलासने ते झोपल्याचे सांगितले. ताठ बसून झोपणे ही विद्या पलटणीत शिकवतात का? महाविद्यालयात तिचा फार उपयोग आहे.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. (नाही म्हणण्यासाठीही तोंड उघडावे लागते, म्हणून ते माझ्याकडे आले.) मी सोळा वाक्यांचे भाषण पाठ केले होते, त्यात दोन उपमा होत्या आणि एक रूपक. उभी राहिले आणि सारे गेले. समोर ती रांग होती. एकाच्या हाताला आमच्या चाळीच्या पत्र्याने कापलेले होते, त्यावर रोशनबींच्या झबल्याच्या कापडाची पट्टी बांधली होती. मी म्हणाले, “तुम्ही आलात,” आणि पुढे काही सुचेना. म्हणून पुन्हा एकदा, “तुम्ही आलात,” म्हणून बसले. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त टाळ्या मला पडल्या. त्या आवाजाने जवान जागे झाले आणि तेही वाजवू लागले.

असो. आता घर कोरडे आहे. भिंतींवर कंबरेएवढी ओल आहे, शब्दकोशाचे राहिलेले खंड फुगून दुप्पट जाड झाले आहेत, पण तक्रार म्हणून काही नाही. दसऱ्याला बाबांनी पेटी उघडली आणि पाटीपुस्तकांच्या शेजारी शिट्टी ठेवून तिला झेंडूचे फूल वाहिले.

सौ. मामींस नमस्कार. पेरूंस आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
शुभदा

ता. क. पत्रात विनंती नाही असे वर लिहिले आहे. ते खरे नाही. या भाऊबीजेस आपण यावे. चंद्र फार लांब उभा राहतो, आणि आईच्या निरांजनाची ज्योत वाऱ्याने विझते.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना बाबा आले. मला आजाराचा झटका आला आणि पत्र लपवता आले नाही. त्यांनी ते उभ्याने, चष्मा पुसून, शेवटपर्यंत वाचले. म्हणाले, “मठ्ठा नव्हता, साधं ताक होतं. चूक दुरुस्त कर.” मग खिडकीबाहेर पाहून म्हणाले, “त्यांना कळव. वस्तू त्यांची आहे, आणि वस्तू पोस्टानं पाठवायची आमची पद्धत नाही. ज्याची त्यानं समक्ष येऊन, सही करून न्यावी. मी घरी आहे. दिवाळीत तर घरीच आहे.” सहा वर्षांपूर्वीही ते जवळजवळ हेच बोलले होते, पण तेव्हा ‘मी घरी आहे’ म्हणाले नव्हते. आईने आतून विचारले, “त्याला अनारसे चालतात का गं अजून, की डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तेवढं विचार.” तेवढे कळवावे.

शेवटचा ता. क. हे लिहीत असता चाळीच्या नळाला पाणी आले आहे आणि बाहेर शिट्टी वाजते आहे. छबूबाई रांगेत पहिल्या आहेत, शेळी दुसरी. तेव्हा मामा, येताना कृपा करून दुसरी एक शिट्टी घेऊन यावे. सही आपण करालच; पण आपली शिट्टी बाबा आपल्याला देतील, असे मला मुळीच वाटत नाही.

पत्र टपालपेटीत टाकण्यास निघाले: सोमवार, दि. १६ ऑक्टोबर १९७८, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.